आवाज आहे, चित्र नाही: कोथरूडमधल्या एका टीव्ही-खरेदीचं प्रकरण

कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली सोसायटी, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात माणसं पाच: निवृत्त काका, काकू, हिंजवडीला आयटीत असलेला मुलगा, सून आणि आठवीतला नातू. टीव्ही ४० इंची, फुल एचडी, २०१४च्या दिवाळीत घेतलेला. २०२५च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण चालू असताना त्याचा पडदा काळा झाला. ढोल-ताशांचा आवाज मात्र येत राहिला.

घरात लगेच तीन मतं पडली. मुलाला ६५ इंची ओएलईडी हवा होता, तो त्यानं मोबाइलवर निवडूनही ठेवला होता. काकांना जुनाच दुरुस्त करून हवा होता, कारण तीन दिवसांनी आशिया चषक सुरू होणार होता. काकूंची अट एकच: "काहीही आणा, पण मला माझ्या खुर्चीवरून दिसलं पाहिजे." टीव्ही दुरुस्ती हा माझा जुना धंदा आणि राहायला मी शेजारच्याच इमारतीत, म्हणून बोलावणं आलं. पुढे आहे ती त्या घरातला निर्णय कसा होत गेला याची नोंद. कंपनी आणि मॉडेल मुद्दामच लिहिलेलं नाही. मॉडेलं वर्षभरात बदलतात, आणि या प्रकरणात कंपनीच्या नावावरून काही ठरलंही नाही.

आधी जुना उघडला

आवाज येतो आणि चित्र येत नाही, म्हणजे टीव्ही गेला असं धरून चालायचं कारण नाही. हॉलमधले दिवे घालवले, पडदे ओढले, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. त्या उजेडाच्या गोलात वृत्तनिवेदिकेचा चेहरा अंधुकसा दिसला. चित्र व्यवस्थित तयार होत होतं. गेला होता तो त्याच्या मागचा दिवा.

एलईडी टीव्ही म्हणून जे विकलं जातं, त्यात चित्र काढायचं काम एलईडी करत नाहीत. ते करतं एलसीडी पॅनल. दोन काचांच्या मध्ये द्रव-स्फटिकांचा पातळ थर, बाहेरून दोन पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड सोडणारे पडदे), आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवी, निळी अशा तीन गाळण्या. विजेचा दाब बदलला की स्फटिक वळतात आणि खिडकीच्या झडपांसारखे कमी-जास्त उजेड सोडतात. स्वतःचा उजेड त्यांच्याकडे नसतो, तो मागून पुरवावा लागतो. पूर्वी त्यासाठी बारीक फ्लोरोसंट नळ्या असायच्या, पुढे त्यांची जागा एलईडींनी घेतली. हा पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळा फॉस्फर लावलेला असतो. निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. काकांचा टीव्ही त्याच वर्षीचा. हे त्यांना सांगायला नको होतं. दुरुस्तीचा आग्रह दुप्पट झाला.

पॅनल उचलल्यावर आत एलईडींच्या पट्ट्या दिसल्या. पट्टीवरचे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळाला की माळ तुटते. माळ तुटली हे ड्रायव्हर सर्किटच्या लक्षात आलं, की ते सुरक्षिततेसाठी सगळाच बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, बंद करतं. एक दाणा गेला आणि अख्खा पडदा काळोखात, तो असा. मेनूमध्ये बॅकलाइटचा आकडा पाहिला: १००. घरी आला त्या दिवसापासून कोणी हात लावला नव्हता. एलईडीचा शत्रू म्हणजे उष्णता, आणि बॅकलाइट पूर्ण ठेवला की सर्वांत जास्त उष्णता तयार होते. तरीही टीव्हीनं अकरा वर्षं काढली, हे बरंच म्हणायचं.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पट्टीवरचा छापील नंबर दाखवला की जुळणारा संच मिळतो. जळका एकच एलईडी बदलून देणारेही भेटतात. तसं करू नये: बाकीचेही तेवढेच वापरलेले असतात, आणि नव्या-जुन्या उजेडाची छटा जुळत नाही. पूर्ण संच आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. या कामात भीती एकाच गोष्टीची असते. पॅनल उचलताना काच तडकली तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही, कारण नुसत्या पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीच्या घरात जाते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा कारागीर बघावा.

१४ सप्टेंबरचा भारत-पाकिस्तान सामना काकांनी दुरुस्त झालेल्या टीव्हीवर पाहिला. बॅकलाइट आता ६० वर होता आणि त्यांना फरक कळला नाही.

दुरुस्तीचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. घाई संपली. बंद टीव्हीच्या घरात जो निर्णय होतो तो शनिवारी संध्याकाळी दुकानात, विक्रेता बोलत असताना होतो. शिवाय ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करायचं ठरवलं होतं, लागू होणार होता २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. ५०,००० मूळ किमतीचा टीव्ही तोवर ६४,०००ला होता, नंतर ५९,०००ला येणार होता. एका दुकानदारानं "तेव्हा माल शिल्लक राहणार नाही साहेब" असं सांगून पाहिलं. काकांनी त्याला शांतपणे विचारलं, "मग आजच तेव्हाच्या भावात द्या की."

खोली मोजली, तास मोजले

मधल्या दिवसांत सुनेला एक काम दिलं. फ्रिजवर कागद लावायचा आणि कोण, काय, किती वेळ पाहतं ते आठवडाभर लिहायचं. टीव्हीची वैशिष्ट्यं वाचण्याआधी हा कागद वाचावा असं माझं मत आहे, आणि ते ऐकून बहुतेक लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

कागदावर निघालं ते असं. टीव्ही रोज साधारण नऊ तास चालतो. त्यातले निम्म्याहून जास्त तास काकांच्या बातम्या, एकाच वाहिनीवर, खाली लाल पट्टी सरकतेय आणि कोपऱ्यात बोधचिन्ह जागचं हलत नाही. संध्याकाळी सात ते साडेनऊ काकूंच्या मालिका. त्यानंतर मुलगा-सून ओटीटीवर सिनेमा, तोही आठवड्यातून दोन-तीनदाच. नातवाचा गेमिंग कन्सोल शनिवार-रविवार. म्हणजे ज्या वापरासाठी मुलगा ६५ इंची ओएलईडी घेऊ पाहत होता, तो वापर सगळ्यात कमी होता.

ओएलईडीत मागचा दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं खरोखर काळं दिसतं आणि कुठल्याही कोनातून रंग फारसे बदलत नाहीत. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याला मी डोळे झाकून ओएलईडी सांगतो. पण त्यातले सेंद्रिय पदार्थ जसजसे उजळतात तसतसे झिजतात. ज्या जागी रोज पाच तास तीच लाल पट्टी आणि तेच बोधचिन्ह, तिथले ठिपके बाकीच्यांहून लवकर झिजतात आणि त्यांचा डाग कायमचा राहू शकतो. कंपन्यांनी यावर उपाय केले आहेत: चित्र नकळत एखाद-दुसरा ठिपका सरकवणं, स्थिर भाग ओळखून मंद करणं, टीव्ही बंद असताना पॅनलची डागडुजी करून घेणं. नव्या पॅनलमध्ये हा त्रास पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालाय. तरी बऱ्याच वॉरंटींत हा डाग धरत नाहीत, आणि तशा वॉरंटीवर या घरातल्या बातम्यांची जबाबदारी मी टाकली नसती.

मुलगा हार मानणारा नव्हता. त्यानं बिनतोड मुद्दा काढला: जुना टीव्ही आता चालू झालाय, तो बेडरूममध्ये लावू, बाबांच्या बातम्या तिकडे, मग हॉलमध्ये ओएलईडीला काय हरकत? तर्कात खोट नव्हती. टीव्ही बेडरूममध्ये हलवलाही. काकांनी दोन सकाळी तिथे बातम्या पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये येऊन बसले. "बातम्या एकट्यानं बघायच्या असतात होय? मग चिडायचं कोणावर?" टीव्ही परत हॉलमध्ये आला.

आता खोली. हॉल १२ फूट बाय १४ फूट. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर, समोर पश्चिमेला बाल्कनी, बाल्कनीच्या दारापाशी सोफा. सोफ्यावरच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत नऊ फूट. काकूंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारालगत, पडद्याच्या मध्यापासून जवळजवळ ५० अंश तिरकी.

दुपारी चार वाजता टीव्ही बंद करून सोफ्यावरून पडद्याचा फोटो काढला. फोटोत बाल्कनीची जाळी, दोरीवरचे टॉवेल आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी स्पष्ट दिसत होती. ही चाचणी फुकट आहे आणि कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगते. अशा खोलीत दोन गोष्टी लागतात: पडद्याच्या पृष्ठभागाची चकाकी कमी हवी, आणि टीव्हीचा उजेड त्या प्रतिबिंबावर मात करण्याइतका हवा. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. साध्या एलईडी टीव्हीत तो ढोबळमानानं २५० ते ३५० निट्स असतो, चांगल्या मिनी एलईडीत (मागे हजारो बारीक एलईडी असलेल्या टीव्हीत) ६०० ते हजारच्या पुढे जातो. ओएलईडीत छोटा भाग झगझगीत उजळतो, पण क्रिकेटच्या मैदानासारखा अख्खा पडदा उजेडाचा असला की तो खाली येतो.

काकूंच्या खुर्चीनं मात्र गणित बिघडवलं. एलसीडी पॅनलचे दोन मुख्य प्रकार आहेत, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस बाजूनं पाहिलं तरी रंग टिकवतं, पण त्याचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या भागातल्या उजेडाचं प्रमाण, साधारण १००० ला १. काळं राखाडी दिसतं. व्हीएचं ३००० ते ५००० ला १, रात्रीच्या दृश्यात फरक ठळक कळतो, पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. बहुतेक खोक्यांवर पॅनलचा प्रकार छापलेला नसतो. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगवेगळं पॅनलही असतं, त्यामुळे शेजाऱ्यांचा ५० इंची पाहून तोच ५५ इंचीत घेऊ नये.

म्हणजे काकांच्या बातम्यांना ओएलईडी नको, दुपारच्या क्रिकेटला भरपूर उजेड हवा, मुलाच्या रात्रीच्या सिनेमाला व्हीए हवं आणि काकूंना आयपीएस. एका पडद्यात हे सगळं मिळत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत काकूंसारखी मागणी पहिल्यांदा वगळली जाते, कारण ती मागणारं माणूस दुकानात आलेलं नसतं.

फोर-केचा प्रश्न, थोडक्यात

मुलाचा दुसरा आग्रह फोर-केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या पडद्याचा. ५५ इंची आणि त्यावरच्या आकारांत आता फोर-के सोडून दुकानात फारसं काही मिळत नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी गणित सांगतो. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखतो. नऊ फुटांवर ते अंतर भरतं ०.८ मिलिमीटर. ५५ इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका ०.६३ मिमी, फोर-केचा ०.३२ मिमी. म्हणजे काकांच्या सोफ्यावरून फुल एचडीचेच ठिपके दिसत नाहीत, तर फोर-केचे कुठून दिसणार?

खरा घोटाळा पडद्यामागे होता. सेट-टॉप बॉक्स जुना, एसडी (एचडीच्या आधीचं, कमी ठिपक्यांचं चित्र देणारा), आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलेला. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. भागाकार केला तर बरोबर २० येतात. मूळ चित्रातल्या एका ठिपक्याच्या माहितीवर नव्या टीव्हीनं वीस ठिपके रंगवायचे, उरलेली एकोणीस ठिकाणं अंदाजानं. मोठा टीव्ही घेतल्यावर "आमचा जुनाच बरा होता" असं म्हणणारे बहुतेक लोक या भागाकारात अडकलेले असतात. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर असा बदल नवा टीव्ही यायच्या आधीच करून घेतला. मराठी मालिकांच्या मोठ्या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, त्या पॅकमध्ये घातल्या. जुन्या ४० इंची टीव्हीवरच काकूंनी नायिकेच्या साडीचं पोत पहिल्यांदा पाहिलं. काकांच्या पॅकमधली वृत्तवाहिनी मात्र एसडीच होती.

आकाराचं काय? पडदा डोळ्यांसमोर ३० अंश व्यापेल असं बसावं, हा सिनेमातला जुना संकेत. नऊ फुटांना तो ६६ इंच सांगतो. म्हणजे मुलाचा ६५चा आकडा भूमितीत चोख होता, हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं. पण पाच तासांच्या एसडी बातम्या ६५ इंचांत आणखी पसरल्या असत्या, आणि पुढे येणारा ब्रॅकेटचा प्रश्नही होता. ५५ ठरला.

कर्वे रस्त्यावरच्या शोरूममध्ये

शोरूममध्ये सगळे टीव्ही एकाच अवस्थेत असतात: भडक मोड, पूर्ण उजेड, पडद्यावर फुलं, पोपट आणि कापलेली कलिंगडं. या चित्रांवर कुठलाही टीव्ही छानच दिसतो. विक्रेत्याला दोन विनंत्या केल्या. एक, मोड बदलून सिनेमा किंवा स्टँडर्ड करा. दोन, सेट-टॉप बॉक्सवरची साधी बातम्यांची वाहिनी लावा. पहिल्या विनंतीला तो हसला, दुसरीला त्याचा चेहरा पडला.

मी पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी नेल्या होत्या. पूर्ण राखाडी चित्र, त्यावर पडद्यावरचे डाग आणि उभे पट्टे उघडे पडतात. काळ्या पार्श्वभूमीवर सरकणारा पांढरा ठिपका. आणि कंदिलाच्या उजेडातलं रात्रीचं एक दृश्य.

पांढऱ्या ठिपक्यानं सगळ्यात जास्त शिकवलं. स्वस्तातल्या टीव्हीत एलईडी फक्त खालच्या कडेला बसवलेले होते आणि उजेड एका प्लेटमधून वर पसरवलेला होता. ठिपका कुठेही असो, सगळा पडदा राखाडी. पुढचा क्यूएलईडी. त्यात क्वांटम डॉट्सचा पडदा असतो. निळ्या उजेडाचा काही भाग तो शुद्ध लाल-हिरव्यात बदलतो, म्हणून रंग जास्त भरतात. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांच्या शोधाबद्दल होतं. रंग खरंच सुंदर होते, पण मागचा दिवा साधाच असल्यामुळे काळं तसंच राखाडी. नाव ओएलईडीसारखं ऐकू येतं म्हणून लोक फसतात, सूनबाईंनीही दोन्हींची किंमत बघून "हा इतका स्वस्त कसा?" विचारलंच. तिसरा मिनी एलईडी: पडद्यामागे बारीक एलईडी हजारोंच्या संख्येनं, शेकडो गटांत वाटलेले, आणि प्रत्येक गट वेगळा मंद होणारा. ठिपक्याभोवतीचा भागच उजळत होता, बाकी काळोख. ठिपक्याला हलकंसं वलय होतं. ते मी मुलाला मुद्दाम दाखवलं, घरी जाऊन त्यानं शोधून काढण्यापेक्षा बरं. मिनी एलईडी लिहिलेल्या टीव्हीतही गट काही डझन आहेत की काही शे, यावर सगळं अवलंबून असतं.

खोक्यावरच्या बाकीच्या शिक्क्यांवर फार वेळ घालवला नाही. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) लिहिलंय याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल घेतो एवढाच. तो दाखवायला लागणारा उजेड ३०० निट्सच्या पॅनलकडे नसतो. 'मोशन रेट' म्हणून छापलेला मोठा आकडा पॅनलचा नसतो. पॅनल ६० हर्ट्झ आहे की १२०, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, ते विचारायचं. आपल्याकडचं प्रक्षेपण ५०च्या हिशोबातलं, त्यामुळे काकांना ६० पुरतं. नातवाच्या कन्सोलला १२०चा उपयोग आहे, आणि सिनेमालाही: तो सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि १२०ला चोवीसनं बरोबर भाग जातो. निवडलेल्या मॉडेलमध्ये १२० होतं. नातू तेवढ्यावर आमच्या बाजूला आला.

मिनी एलईडी, ५५ इंची, व्हीए पॅनल, करासह ५९,०००. दुकानात बाजूला उभं राहून पाहिलं तेव्हा काकूंच्या कोनातून रंग उतरलेलेच दिसत होते.

"काकूंची खुर्ची हलवली तर?" मी घरी येऊन विचारलं.

"अरे, तिथून मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. टीव्ही हलव की."

उत्तर त्यातच होतं. सपाट ब्रॅकेटऐवजी पुढे ओढून वळवता येणारं आर्मचं ब्रॅकेट घ्यायचं. पडदा वीसेक अंश स्वयंपाकघराकडे वळवला की ५०चा कोन ३०वर येतो, आणि तिथे हे पॅनल ठीक दिसत होतं. अडचण भिंतीची. आर्म पुढे ओढल्यावर भिंतीवरचा ताण वाढतो, आणि मधली भिंत चार इंची विटांची. शेवटी टीव्ही फूटभर उजवीकडे सरकवून ब्रॅकेटची प्लेट कॉलमच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टनं बसवली. सोफाही तेवढाच सरकला. याच वेळी उंचीही सुधारली. जुना टीव्ही शोकेसच्या वर, छताकडे मान करून बघायचा होता. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतात, पडद्याचा मध्य तिथेच आणला. व्हीए पॅनल खालून पाहिलं तरी फिकं दिसतं, हे फार कमी ठिकाणी लक्षात घेतात.

दुकानानं स्टॅबिलायझर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. टीव्हीच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं. आतला वीजपुरवठाच चढ-उतार सांभाळतो. विजेच्या कडकडाटात स्टॅबिलायझर वाचवत नाही. त्यासाठी चांगलं अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, आणि वळवाच्या पावसात प्लग व केबलची वायर दोन्ही काढून ठेवायची सवय. ते पैसे साउंडबारकडे वळवले, कारण पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात आणि काकांना संवाद ऐकू येत नव्हते. वाढीव वॉरंटी घेतली, तिच्यात पॅनल धरलंय हे बिलावर लिहून घेतलं.

त्यानंतर

३० ऑक्टोबरला महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना दुपारी तीनला सुरू झाला. ऑस्ट्रेलियाची फलंदाजी बरोबर पश्चिमेच्या उन्हात आली. पडदा उजेडाला पुरून उरला, पण टॉवेल अजून थोडे दिसत होते; काकूंनी बाल्कनीला वेळूची चिक लावली आणि जे काम हजार निट्सनं अर्धवट केलं होतं ते पूर्ण झालं. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा घरातल्या पाचही जणांनी हॉलमध्ये बसून पाहिल्या, तेव्हा आर्म कुठल्या बाजूला वळवायचा यावर एकमत झालं नाही.

स्टँडर्ड मोडमध्ये टीव्ही १०० वॉटच्या आसपास वीज घेतो, शोरूमच्या भडक मोडमध्ये दीडशेच्या वर जात होता. नऊ तासांच्या हिशोबानं महिन्याला २७ युनिट. बॅकलाइट या वेळी पहिल्या दिवसापासून कमी ठेवलाय. सिनेमासाठी चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद केली, नाहीतर मोठा सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. दिवाळीच्या साफसफाईत काच पुसायचा फवारा थेट पडद्यावर मारू नका, हे काकूंना दोनदा सांगितलं. पाणी ओघळून खालच्या कडेत जातं, तिथल्या जोडण्या खराब होतात आणि उभ्या रेघा येतात. दरवर्षी नोव्हेंबरात असे टीव्ही येतातच.

मुलगा समाधानी आहे, पूर्ण नाही. रात्रीच्या सिनेमात पांढऱ्या उपशीर्षकांभोवतीचं वलय त्याला दिसतं आणि तो ते दर वेळी सांगतो. त्याचं बरोबर आहे. जुना ४० इंची बेडरूममध्ये गेलाय, नातू त्यावर कन्सोल लावतो. माळ्यावर त्याहूनही जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही निघाला. त्याच्या काचेत शिसं असतं, तो भंगारवाल्याला न देता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिला.

काकांच्या एसडी बातम्यांवर उपाय सुनेनं काढला. तीच वाहिनी यूट्यूबवर थेट चालते, आणि ब्रॉडबँडवर सेट-टॉप बॉक्सपेक्षा स्वच्छ दिसते. काकांनी ते लगेच स्वीकारलं. क्रिकेट मात्र त्यांनी केबलवरच ठेवलंय. इंटरनेटवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, आणि विकेट पडल्याचा ओरडा खालच्या मजल्यावरून आधी येतो.